बर्फाच्या पाण्याचा रकाना

सोमवार, २ ऑक्टोबर

कारखान्यातल्या जिटताई म्हणाल्या, प्रयोगाची वही वेगळी ठेव आणि मनाची वेगळी, नाहीतर तू तक्त्यातसुद्धा कुढत बसशील. म्हणून आजपासून ही दुसरी वही.

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी नमुना टबात सोडला. पोस्टकार्डापेक्षा पातळ चकती. दोन तापलेल्या पत्र्यांमध्ये भुकटी दाबून वितळवली आणि लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवली. टबातलं पाणी बाबांच्या मत्स्यपिंजऱ्याजवळून, कालव्यातून आणलं. कालव्याचंच हवं, कारण हा पॉलिएस्टर, म्हणजे एका जातीचं प्लॅस्टिक, जिवाणूच खातात. बनवतातही जिवाणूच. माणसाच्या पोटावर चरबी साठते तसा तो त्यांच्या अंगात साठतो, आणि दुसऱ्या एका कारखान्यातून तो काढून, वाळवून, पोत्यांत भरून आमच्या साच्यांच्या कारखान्यात येतो. पोत्यात हात घालताना हे आठवतं आणि माझ्या अंगावर काटा येतो.

वितळताना जरा जास्त तापला की आंबट, झोंबरा वास सुटतो. कपड्यांतून जात नाही. मी भांड्यांच्या साबणाने तीनदा हात धुतले, तरी जेवताना बोटांना वास होताच.

मालकांना सगळे हिया म्हणतात, म्हणून मीही. हिया म्हणाले, "नाक काय दाबतोस रे नोप? लग्नाच्या बायकोला असं करशील का?"

ह्या भुकटीची तरंगती कमळं करायचं काम नगरपालिकेने दिलं आहे. मागच्या वर्षी लॉय क्राथोंगला, पाण्यात दिवे सोडायच्या सणाला, लोकांनी पावाची क्राथोंग, मेणबत्ती लावलेली तरंगती पात्रं, सोडली. थर्मोकोल नको, पाव बरा, मासे खातील, असं सगळ्यांना वाटलं. तो हजारो पावांचा लगदा पाण्यात आंबला आणि तिसऱ्या दिवशी बाबांचे निम्मे तिलापिया मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. मीच ते टोपल्यांनी काढले होते. त्यानंतर मी पाव खाल्लेला नाही.

यंदा हियांचं कमळ. पाकळ्या, मध्ये मेणबत्ती आणि उदबत्तीची खोबण, आणि काम झालं की पाण्यात नाहीसं. सहा हजार नग. सण २७ नोव्हेंबरला आहे.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

जिटताईंनी सूक्ष्मदर्शक दाखवला. त्या इथल्या एकट्याच पदवीवाल्या. प्रकाश गाळणाऱ्या दोन काचा एकमेकींना आडव्या लावल्या की सगळं काळं होतं, आणि त्या काळ्यात फक्त स्फटिक उजळतात. माझ्या चकतीत खसखस सांडल्यासारखे बारीक ठिपके होते.

"छोटे आहेत कारण तू त्यांना वाढायला वेळच दिला नाहीस," ताई म्हणाल्या. "बर्फात टाकलंस. ह्याच्या लांब साखळ्या असतात. सावकाश थंड केलं तर त्या घड्या घालून ओळीने बसतात. घाई केली तर बऱ्याचशा तशाच विस्कटलेल्या राहतात."

"मग चांगलं काय?"

"कशासाठी, त्यावर आहे. जिवाणू आधी विस्कटलेल्यात तोंड घालतात. पेटीत दाबून ठेवलेल्या घडीपेक्षा कोपऱ्यात टाकलेला ओला बोळा आधी कुजतो की नाही? तसंच."

मी वहीत रकाने आखले: दिवस, वजन, पाण्याचं तापमान, जाडी, थंड करण्याची पद्धत. ताई म्हणाल्या, शेवटचा रकाना विसरू नकोस, तोच खरा. त्यांचे तांत्रिक शब्द मी कोशात बघून लिहितो. तंत्रशाळा दुसऱ्या वर्षी सुटली, पण लिहिण्यात चूक मी खपवून घेत नाही.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

दहावा दिवस. चकतीवर बुळबुळीत थर आला आहे, आजाऱ्याच्या जिभेवर येतो तसा. कडा कुरतडल्या आहेत. वजन बाराव्या भागाने कमी.

हिया शेवयांचा वाडगा घेऊन आले, उभ्यानेच खात होते. "बघू, बघू," म्हणत त्यांनी हातातली खायची काडी टबात घातली, चकती ढोसली, आणि तीच काडी परत वाडग्यात. मी तोंड फिरवलं.

"बाथरूमला जायचंय का तुला?"

"नाही, हिया."

"मग चेहरा असा का? सडतंय म्हणजे देव पावला!"

सोमवार, २३ ऑक्टोबर

एकविसावा दिवस. चकती गेली. गाळणीत फक्त शेंबडासारखा एक धागा. तो वजनात येत नाही.

हियांनी सगळ्यांना बर्फ घातलेला चहा पाजला. माझ्या पाठीवर थाप मारली. हात तुपकट होता. शर्टावर पंजा उमटला आहे.

बुधवार, २५ ऑक्टोबर

पहिली पूर्ण कमळं साच्यातून आली. अंगणातल्या हौदात सोडून पाहिली. मेणबत्ती लावली आणि चार मिनिटांत पाकळ्या वाकल्या, मेणबत्ती आडवी झाली, विझली.

मेणबत्ती डोळ्यांआड होईपर्यंत जळली पाहिजे. डोळ्यांसमोर विझलेलं क्राथोंग कोणी घेणार नाही. वर्षभराची पीडा पाठवायची आणि ती पायरीवरच आडवी पडायची, हे कोणाला चालेल?

साच्यावर काम करणाऱ्या लामून मावशी म्हणाल्या, "हिया, तुमचं कमळ तर आमच्या घरच्या माणसासारखं निघालं. जरा ऊब लागली की मान टाकतं."

बायका पोट धरून हसल्या. हियांचे कान लाल झाले. त्यांनी साचा गरम ठेवायला सांगितलं. कमळ झटकन बाहेर काढायचं नाही, आतच दहा मिनिटं मुरू द्यायचं. पाकळीही दुप्पट जाड.

संध्याकाळी पुन्हा चाचणी. मेणबत्ती बुडापर्यंत जळली. पाकळी हलली नाही.

शनिवार, २८ ऑक्टोबर

नव्या पाकळीचा पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. आधी वाटलं काच चुकीची लागली. खसखस कुठेच नाही. चार मोठी गोल फुलं, तेवढ्यांनीच सगळी जागा व्यापलेली, प्रत्येकावर काळी फुली आणि आत कापलेल्या ओंडक्यासारखी वर्तुळांत वर्तुळं. इतकं सुंदर मी काही पाहिलं नव्हतं. ताईंना हाक मारली.

त्यांनी पाहिलं. मग म्हणाल्या, "हे आजच टबात टाक."

दुपारी हियांच्या खोलीतून आवाज येत होते.

"चाचणी झालीय की! एकवीस दिवस!"

"ती चकतीची झाली. हे वेगळं आहे."

"पोतं तेच, भुकटी तीच!"

"हिया, तांदूळ तोच असला म्हणून भात आणि पापड एक होतात का? मी सही करणार नाही."

ताईंना गेल्या महिन्यात रजा मिळाली नव्हती. मला वाटतं तोच राग निघतो आहे. जास्त शिकलेल्यांचा मान लगेच दुखावतो.

सोमवार, ३० ऑक्टोबर

ताई आल्या नाहीत. त्यांचं टेबल रिकामं. माझ्या टेबलावर भिंग पुसायच्या मऊ कागदाचं पाकीट ठेवलं होतं, वर लिहिलं होतं: "नोपसाठी. आधी पूस, मग बघ." हिया म्हणाले त्यांना बँकॉकला चांगली जागा मिळाली. निरोपही घेतला नाही, याचं वाईट वाटलं.

त्यांनी सांगितलं होतं म्हणून एक पाकळी बादलीत टाकली. आमच्या टबात आता लामून मावशी बाटल्या गार करतात, म्हणून बादली संडासामागे ठेवली. तिथे उभं राहवत नाही.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर

हियांनी मला खोलीत बोलावून खुर्ची दिली. आजवर कधी दिली नव्हती.

"नोप, तुझं अक्षर म्हणजे विहारातला शिलालेख. पालिकेचा अहवाल तूच लिही. तुझ्याच नावाने."

"मी? माझ्याकडे पदवी नाही, हिया."

"पदवी काय पाण्यात विरघळते? चाचणी कोणी केली? तू. मग सही कोणाची हवी?"

मी वहीतला तक्ता उतरवला. त्यांनी वाचला आणि शेवटच्या दोन रकान्यांवर बोट ठेवलं. बोटाच्या नखात जेवणाचं पिवळं होतं. "जाडी, थंड करण्याची पद्धत. हे काय आहे? आइस्क्रीम विकतोय का आपण? पालिकेतली माणसं रकाने बघून घाबरतात. सोपं कर."

मी म्हणालो, "पण नमुना..."

"जे लिहिलंयस त्यात एक तरी शब्द खोटा आहे का?"

मी पुन्हा वाचलं. नव्हता.

नवा कागद घेतला. दिवस, वजन, तापमान. एकविसाव्या दिवशी नमुना नाहीसा. खाली पूर्ण नाव, नोप्पदोन, आणि हियांनी सांगितलं तसं, नमुना परीक्षक. एकही खाडाखोड नाही.

घरी येऊन आंघोळ केली. मग पुन्हा केली.

रविवार, ५ नोव्हेंबर

बाबांकडे गेलो. ते पिंजऱ्यावरच्या झोपडीत मिरच्या कुटत होते. मासे वीतभर झाले आहेत.

"बरं झालं आलास. माझ्या जिवाला घोर लागलाय," ते म्हणाले. "व्यापारी म्हणतो सणाआधी काढशील तर बारीक म्हणून घेईन. नंतर काढशील तर पूर्ण वाढीचे. मागच्या वर्षीचा धसका पोटात आहे माझ्या. आणखी एकदा तसं झालं तर पिंजरे विकून मला दुसऱ्याच्या होडीवर जावं लागेल. तू सांग, काढू का ठेवू?"

मी उत्तर द्यायच्या आत ते उठले आणि खांबाकडे गेले. खांबावर माझ्या अहवालाची प्रत होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याने ठोकलेली. पालिकेने कालव्याकाठी सगळ्यांना वाटली आहे.

"अक्षर बघितलं आणि ओळखलं. शेजाऱ्याला म्हटलं, हे माझ्या नोपचं. वाच की एकदा. मला जमेल तेवढं मी वाचलंय, पण तुझ्या तोंडून ऐकू दे."

मी वाचून दाखवलं.

"म्हणजे ठेवू?"

एक तिलापिया पाण्याबाहेर उसळला. त्याचं तोंड उघडं होतं. मी म्हणालो, "ठेवा."

बाबांनी मासा भाजला होता. मला खाववला नाही. म्हटलं, पोट ठीक नाही.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

बादलीतला दहावा दिवस. बुळबुळीत थर नावाला. वजन जितकं होतं तितकंच, शेवटच्या आकड्यापर्यंत. तराजू पुसून पुन्हा घेतलं. तेच.

पाणी जुनं झालं असेल. उद्या कालव्याचं ताजं आणीन.

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

अठरावा दिवस. ताज्या पाण्यातही तेच. पाकळीवर एक गोगलगाय चढून बसली आहे आणि तिने अंडी घातली आहेत, गुलाबी, चिकट. म्हणजे तिला तरी खात्री आहे की हे टिकणार.

हियांना सांगितलं. ते दात कोरत होते.

"अठरा दिवस! अरे बाबा, माणूस मेला तरी अठरा दिवसांत माती होत नाही. होईल सावकाश."

"पण कागदात एकवीस लिहिलंय."

"कागदात नमुना लिहिलंय. ऐक, चांगली बातमी. दरवर्षी सणाच्या पहाटे क्राथोंग वेचायला पालिकेच्या होड्या निघतात ना? यंदा रद्द. आपोआपच जाणार म्हटल्यावर वेचायचं कशाला? तुझ्या एका कागदाने बारा होड्यांचं काम वाचवलं!"

दात कोरायची काडी त्यांनी तयार कमळांच्या खोक्यात टाकली. मग त्याच खोक्यातून एक कमळ काढून मला दिलं. तळाला ०००१ कोरलेलं. "पहिला नग. तुझा मान."

मी वाकून नमस्कार केला. पाठ आपोआप वाकते. तिची किळस येते मला.

बाबांना उद्या सांगीन.

बुधवार, २२ नोव्हेंबर

फोन केला. बाबांच्या आवाजामागे गलका होता, जाळी दुरुस्त करायला शेजारी आले होते.

"बाबा, सणाच्या दिवशी जाळ्यांकडे जरा लक्ष ठेवा."

"का रे? काही अडकेल?"

"तसं नाही. आपलं लक्ष असू द्या."

"तुझ्या कागदावर तर..." आणि मग शेजाऱ्याला, फोन न झाकताच, "नोप आहे. पोरगं तिकडे साहेब झालं तरी बापाच्या माशांची काळजी करतं."

मी म्हटलं, ठेवतो. म्हणजे फोन. तेवढाच शब्द तोंडातून निघाला.

सोमवार, २७ नोव्हेंबर, दुपारी

रिवाज म्हणून नखं कापली, केसांची एक बट कापली आणि ०००१ मध्ये ठेवली. अंगातली घाण आणि वर्षाची पीडा पाण्याबरोबर जावी म्हणून. कापलेली नखं नुसती पाहूनही मला मळमळतं, पण आज मुद्दाम जास्त कापली, करंगळीतून रक्त येईपर्यंत.

विहाराच्या घाटावर सहाला जायचं आहे.

मंगळवार, २८ नोव्हेंबर

सकाळी सातला घाटावर गेलो. पाणी साफ! एक पाकळीसुद्धा नाही. हिया पालिकेच्या अध्यक्षांना घेऊन आले होते, हात पसरून दाखवत होते. "बघा साहेब, एका रात्रीत! म्हटलं नव्हतं?"

लामून मावशी माझ्या शेजारी उभ्या होत्या. "विरघळले म्हणे," त्या पुटपुटल्या. "मग काल आमचं पाणी कुठल्या दिशेला वाहत होतं?"

मला कळलं होतं, पाणी बाबांच्या पिंजऱ्यांकडेच जातं. तरी क्षणभर बरं वाटलं, हे इथे लिहून ठेवतो.

बाबांनी दिवसभर फोन उचलला नाही. संध्याकाळची शेवटची गाडी होती. कपडे धुवायचे राहिले होते म्हणून गेलो नाही. हे कारण आत्ता लिहिल्यावर वाचवत नाही.

बुधवार, २९ नोव्हेंबर

पहाटे पाचला बाबांच्या शेजाऱ्याचा फोन आला. पहिल्या गाडीने गेलो.

कालवा वळतो तिथे, पिंजऱ्यांच्या वरच्या अंगाला, पांढरी भिंत उभी होती. आमचीच कमळं. एकात एक, एकावर एक, जाळीला चिकटून, पार तळापर्यंत दाबलेली. अलीकडे पाणी चढलेलं, पलीकडे पिंजऱ्यात थिजलेलं. बाबा काल सकाळपासून टोपलीने उपसत होते, म्हणून फोन उचलला नव्हता. एक टोपली काढली की वरून दोन येत होत्या. होड्या मागितल्या तर पालिकेने सांगितलं, तुमच्या खांबावर कागद आहे ना, थोडा धीर धरा.

मासे पहाटे गेले, पाण्यात हवा सगळ्यात कमी असते तेव्हा. सगळे. चारही पिंजरे. तोंडं उघडी आणि डोळ्यांवर साय. ऊन चढलं तसा वास सुटला. मला ओकारी आली, जाळीच्या काठावर, बाबांच्या देखत. त्यांनी पाणी आणून दिलं.

गेल्या वर्षी पावाने सडून मारलं. यंदा ह्याने न सडून.

दुपारपर्यंत टोपल्या भरत होतो. पाकळ्या जशाच्या तशा, कडक, चकचकीत. कितीतरी मेणबत्त्यांची बुडंही जागच्या जागी. एक कमळ उलटं करून फेकणार, इतक्यात तळाचा आकडा दिसला. ०००१. आत केसांची बट चिकटून होती आणि नखं. करंगळीच्या नखावर रक्ताचा डागसुद्धा होता.

बाबांनी हातात घेऊन पाहिलं. "कोणाचं आहे रे? पीडा परत आली बिचाऱ्याची."

मी म्हणालो, "माझं."

मग सगळं सांगितलं. चकती, बर्फ, गरम साचा, जिटताई, बादली, गोगलगाय. ते हातातल्या माशाचे खवले अंगठ्याने खरवडत ऐकत होते. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"व्यापारी दोनदा येऊन गेला," ते म्हणाले. "मी त्याला खांब दाखवला. म्हटलं, पोराचं अक्षर आहे."

शुक्रवार, १ डिसेंबर

कारखान्यात गेलो. हिया मला पाहून उठले नाहीत.

"मासे गुदमरून मेले. प्लॅस्टिक खाऊन नाही मेले. आणि विचारायला आले तर," त्यांनी खणातून अहवाल काढला, माझ्या नावावर बोट ठेवलं, "मी बापडा व्यापारी. मला कागदावरचं काय कळतं? परीक्षकाने लिहून दिलं, मी विकलं."

त्या बोटाच्या नखात आजही काहीतरी होतं. मी आधी त्याच्याकडे पाहत होतो. मग खालच्या सहीकडे पाहिलं. अक्षर खरंच सुंदर आहे. त्या नखापेक्षा जास्त किळस मला त्या सहीची आली.

संडासामागची बादली आणि प्रयोगाची वही घेऊन निघालो. फाटकाशी लामून मावशींनी विचारलं, "कुठे रे?" म्हटलं, बापाकडे. त्यांनी जिटताईंचा नंबर हातावर लिहून दिला. "कसली बँकॉकची जागा! भावाच्या दुकानात बसते ती. तुझी विचारपूस करत असते."

रविवार, ३ डिसेंबर

मासे पुरून झाले. चार खड्डे, वर चुना. हाताचा वास गेला नाही, आणि मी हात धुतले नाहीत.

जिटताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, उद्या पालिकेच्या दारात मी येते, वही घेऊन ये, बादलीही.

दुपारी झोपडीतल्या खांबावरून तो कागद काढला. पिशवीतून बाहेर काढला, मांडीवर पाटी घेतली आणि त्याच पेनाने खाली लिहिलं:

"नमुना: पातळ चकती, बर्फाच्या पाण्यात थंड केलेली.
विकलेला माल: जाड, गरम साच्यात मुरवलेला. याची चाचणी केलेली नाही."

खाली पुन्हा पूर्ण नाव. परीक्षक हा शब्द लिहिला नाही.

बाबा रिकाम्या पिंजऱ्याची जाळी सोडवत बसले होते. विकायला काढली आहे. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "वाच."

मी वाचलं.

ते थोडा वेळ गाठ सोडवत राहिले. ओली गाठ होती, सुटत नव्हती.

"हे आधीच लिहायचं असतं," ते म्हणाले, "तर किती ओळी जास्त लागल्या असत्या?"

मी कागदाकडे पाहिलं.

"दोन, बाबा."